दुसरी गाडी म्हणून जुनी स्पोर्टी हॅचबॅक, बजेट ४ लाख, मुंबईत झेपेल का?

चेंबूर_नाका

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. घरात वॅगनआर सीएनजी आहे, ती बायको वाशीला ऑफिसला नेते, मी हार्बरने जातो, म्हणजे रोजच्या कामासाठी दुसऱ्या गाडीची तशी काही गरज नाहीये. पण मला गाडी चालवायला मनापासून आवडतं आणि वॅगनआरमध्ये ती हौस भागत नाही, मागे सिलेंडरचं वजन, पिकअप नाही, गाडी तिचं काम चोख करते पण घाटात काही मजा येत नाही. म्हणून एक जुनी, मॅन्युअल, पेट्रोल, जरा दमदार गाडी बघतोय. वापर फक्त शनिवार-रविवार पहाटे. पनवेलवरून खोपोली-लोणावळा, कधी पेणवरून अलिबाग, आणि काहीच नाही जमलं तर फ्रीवे पकडून मरीन ड्राइव्हला चक्कर मारून घरच्या चहाला परत.

बजेट ४ लाख, सगळं मिळून. आत्तापर्यंत जे बघितलं ते असं, पोलो जीटी टीएसआय २०१४-१५ ची बजेटमध्ये दिसते, फियाट अबार्थ पुंतो थोडी वर जाते पण घासाघीस करता येईल असं वाटतं, लिनिया टी-जेट बरीच स्वस्त आहे, टियागो जेटीपी क्वचित दिसते. आणि मनात कायमची बसलेली म्हणजे जुनी होंडा सिटी व्हीटेक, आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या एका काकांकडे होती, ते गाडी बाहेर काढायचे तेव्हा आम्ही पोरं क्रिकेट थांबवून बघायचो.

अडचण एकच, सोसायटी रीडेव्हलप झाल्यावर मला जो दुसरा स्लॉट मिळालाय तो स्टॅक पार्किंगचा खालचा, खड्ड्यातला आहे. गाड्या वापरलेल्या लोकांनी जरा नीट सांगा, कुठली घ्यावी, कुठलीच्या नादी लागू नये, आणि वर्षाचा खर्च किती धरायचा.

घोडबंदर_ठाणे

भावा सगळ्यात आधी पोलो लिस्टमधून काढ. तुला मॅन्युअल हवीये ना, जीटी टीएसआय २०१३ ला आली तेव्हापासून १.२ इंजिन होतं तोपर्यंत फक्त ७ स्पीड डीएसजीमध्येच, म्हणजे ऑटोमॅटिकमध्येच मिळायची. मॅन्युअल टर्बो पेट्रोल पोलो आली २०२० मध्ये १.० टीएसआयबरोबर, ११० पीएस (म्हणजे इंजिनची ताकद), ६ गियर, ती ४ लाखांत चांगल्या कंडिशनमध्ये मिळणार नाही, मिळाली तर जास्तच घाबर. आणि तो डीएसजी ड्राय क्लचवाला आहे, चेंबूर ते सायन बंपर टू बंपरमध्ये तो क्लच सारखा अर्धा धरून सोडून तापतो, जुन्या गाडीत मेकाट्रॉनिकचं, म्हणजे त्या गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचं काम निघालं तर अर्धं बजेट तिथेच गेलं.

दुसरं म्हणजे तू गाडी चालवणार कुठे ते बघ. कोस्टल रोडवर लिमिट ८०, सी लिंकवर ८०, एक्सप्रेसवेवर १०० आणि तिथेच घाटात ६०, सगळीकडे कॅमेरे. अबार्थचे १४५ पीएस घेऊन तू ते वापरणार कुठे? मजा आहे ती जुन्या खोपोली घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, आणि तिथे गाडी हलकी पाहिजे. माझं सरळ मत, होंडा ब्रिओ घे. १.२ आयव्हीटेक, ८८ पीएस, वजन साधारण ९३० किलो, गियर शिफ्ट लोण्यासारखी, आणि ते इंजिन ४००० च्या वर जे गातं ना ते ऐकण्यासाठी तू मुद्दाम गियर खाली टाकशील. २०१९ पर्यंत विकत होते त्यामुळे फार म्हातारी गाडी घ्यावी लागत नाही. अडीच-तीन लाखांत झक्कास गाडी मिळते आणि उरलेले पैसे टायर, सस्पेन्शन आणि इन्शुरन्सला.

टर्बोच पाहिजे असेल तर बलेनो आरएस शोध. २०१७ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत आली, १.० बूस्टरजेट, १०२ पीएस, ९५० किलोच्या आसपास, चारही चाकांना डिस्क. कमी खपली म्हणून मिळायला वेळ लागतो पण बॉडी, सस्पेन्शन, आतलं सगळं साध्या बलेनोचं आहे आणि तसलंच १.० बूस्टरजेट आता फ्रॉन्क्समध्ये येतं, म्हणजे पार्टसाठी रडावं लागत नाही. बजेटच्या थोडी वर जाईल, पण घासाघीस कर.

आणि ४ लाखांत टर्बो मिळेल, पण ४ लाख संपवून टर्बो घेऊ नकोस. एक लाख बाजूला ठेवूनच शोरूमची, डीलरची पायरी चढ.

टीजेट_डोंबिवली

घोडबंदर भाऊंचं बरंचसं पटतं पण फियाटला एका ओळीतही जागा दिली नाही म्हणून लिहितोय. माझ्याकडे लिनिया टी-जेट आहे, बरीच वर्षं आहे, आणि ती मी विकणार नाही. १.४ टर्बो, ११४ पीएस पण टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, २०७ एनएम, आणि खरी गोष्ट पॉवरची नाहीच, गोष्ट आहे स्टिअरिंगची. हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, रस्त्यावर चाकाखाली काय चाललंय ते हातात कळतं, आत्ताच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये ते मिळतच नाही. कल्याण-शीळ रोडवर जे खड्डे आहेत त्यावरून ही गाडी जशी जाते तशी दुसरी कुठली जाणार नाही, सस्पेन्शनच वेगळं बनवलंय.

अबार्थ पुंतो तर त्याच इंजिनला १४५ पीएस आणि २१२ एनएमवर ट्यून करून दिलेली, ऑक्टोबर २०१५ मध्ये आली तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ पीएस दुसऱ्या कुणाकडे नव्हते. आपल्या रांजणगावच्या प्लांटमध्ये बनलेली गाडी आहे ही. ८.८ सेकंदांत १०० असं कंपनी सांगायची. चालवल्यावर कळतं, दुसऱ्या गियरमध्ये स्टिअरिंग थोडं ओढतं आणि गाडी पुढे झेपावते, तो अनुभव ब्रिओत नाही हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

आता दुसरी बाजूही सांगतो कारण पैसे तुझे आहेत. फियाटने इथे गाड्या बनवणं बंद करून बरीच वर्षं झाली. फिल्टर, ब्रेक पॅड, लोअर आर्म, क्लच हे मिळतं. अबार्थचे खास भाग, म्हणजे बंपर, अलॉय, आतली ट्रिम, हे गेलं की गेलं, ओनर लोकांच्या ग्रुपवर शोधत बसायचं. ओनर मात्र एकमेकांना जिवाला जीव देणारे आहेत, कोणाकडे पडलेला पार्ट असेल तर कुरिअर करतात. तुला फोन करणं, शोधणं, वाट बघणं आवडत असेल तरच घे. टायमिंग बेल्ट इंजिन आहे, बेल्ट कधी बदलला त्याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलायचा, याला पर्याय नाही.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतं, या गाड्या त्या काळच्या नाहीत. मी रबर होज आणि फ्युएल लाइन दर सर्व्हिसला बघून घेतो, तू पण बघत जा.

सीएसटी_रोड_गॅरेज

माझं कुर्ल्याला छोटं गॅरेज आहे, जुन्या गाड्याच जास्त येतात, म्हणून कुठली घ्यायची यापेक्षा कशी बघायची ते सांगतो, कारण मॉडेल कुठलंही घेतलं तरी समोर जी गाडी उभी आहे तीच घ्यायची असते.

मुंबईची गाडी म्हटलं की पहिला प्रश्न पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल, जिथे दर पावसात तुंबतं तिथल्या आजूबाजूच्या बेसमेंटमध्ये गाड्या बुडतात आणि मग त्या धुऊन पुसून पॉलिश करून कल्याण-पनवेलला विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, खालच्या टोकाला चिखलाची रेघ किंवा बुरशीचे डाग दिसले की निघायचं. सीटची रेल आणि तिचे बोल्ट मोबाइलच्या टॉर्चने बघायचे, तिथे गंज यायचं काहीच कारण नसतं. स्टेपनी काढून खालची जागा बघ, कार्पेटखाली हात घालून दाबून बघ, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट-पांढरी पावडर जमली असेल तर ती गाडी कितीही चकाचक असली तरी इलेक्ट्रिकलची कटकट तुला आयुष्यभर पुरेल. आणि गाडीत जास्त परफ्यूम मारलेला असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बस, खालचा वास आपोआप वर येतो.

दुसरा समुद्र. वरळी, वर्सोवा, कुलाबा इथे उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून ठीक दिसते, खालून पत्रा खाल्लेला असतो. लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नको, कुठलाही गॅरेजवाला दोन-तीनशेत चढवून देतो, मालक नाही म्हणाला तर विषय संपला.

मग अॅक्सिडेंट. बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा बघ, दरवाज्याचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्ड गोल आणि सारखे आहेत का बघ, पुढच्या अॅप्रनवर, म्हणजे बोनेटखालच्या आतल्या पत्र्यावर, कंपनीचं सीलंट सरळ असतं, बोटाने थापलेलं लगेच ओळखू येतं. बंपर रंगवलेला चालतो, मुंबईत बंपर कोणाचा शाबूत असतो. पण अॅप्रन, पिलर आणि छताला हात लागलेला नको.

इंजिन कायम थंड असताना बघायचं. बोनेटवर हात ठेव, कोमट लागलं तर मालकाने आधीच स्टार्ट करून ठेवलीये, मग दुसऱ्या दिवशी यायचं. थंड इंजिनात चेनची खडखड, टॅपेटचा आवाज, निळा धूर हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं, गरम झाल्यावर लपतं. टर्बो गाडी असेल तर इंटरकूलरचे पाइप बघ, जरासं ऑइल चालतं, ओघळ नको, आणि ऑइल बदलल्याची बिलं माग, टर्बोचं आयुष्य त्या बिलांवर असतं. क्लच बघायला चौथ्या गियरमध्ये ४० वर असताना पूर्ण अॅक्सिलरेटर दाब, आरपीएम चढला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच प्लेट गेली. गाडी वळवून पूर्ण लॉक करून हळू चालव, कटकट आली तर अॅक्सल. सायन-पनवेल हायवेच्या खड्ड्यांतून ने, लिंक रॉड आणि बुशचा आवाज आला तर घाबरू नको, ते स्वस्त काम आहे, पण त्या नावाने भावात पैसे नक्की काप.

टायरवर शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. टायरच्या नक्षीच्या गोट्या कितीही उंच असल्या तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर पावसात घाट उतरायचा नाही. स्पोर्टी गाडी घेऊन जुने टायर ठेवणारी पोरं मी रोज बघतो, मला ते बघवत नाही. चार चांगले टायर, ब्रेक फ्लुइड, पॅड, हे पहिल्याच आठवड्यात करून घे, स्टिरिओ-बिरिओ नंतर.

पार्ली_ईस्ट

मी गेली कितीतरी वर्षं फोर्ड फिएस्टा १.६ एस चालवतेय, त्यामुळे माझ्या गाडीचं नाव कोणी घेतलं नाही याचं वाईट वाटलं. १.६ ड्युराटेक, १०१ पीएस, टर्बो नाही, पाय दाबला तेवढी गाडी पळते, मधे थांबणं नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंग इथेही आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांनी मला विकून टाक सांगितलं, मी ठेवली, आणि सीएसटी रोडवर अजून तरी मला हवं ते मिळत आलंय.

पण चेंबूरकर, तुम्हाला १५ वर्षांच्या पुढच्या गाडीबद्दल सावध करायचंय, कारण फिएस्टा काय किंवा तुमची सिटी व्हीटेक काय, दोन्ही त्यातच येतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग आरटीओत गाडी दाखवून, पास करून पाच-पाच वर्षांनी वाढवायचं. ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,०००. शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. सिटी व्हीटेक २००३ नंतर बनलीच नाही, म्हणजे सगळ्या २० च्या पुढे गेल्या. ती गाडी घेणं म्हणजे एक जुनं घर सांभाळणं आहे, प्रेम असेल तर जरूर घ्या, पण पहिली स्पोर्टी गाडी म्हणून मी नाही सांगणार. ज्यांनी नीट ठेवल्यात ते विकत नाहीत, आणि जे विकतायत त्या गाड्यांमध्ये बहुतेकदा इंजिन एकदा तरी खोललेलं असतं.

इन्शुरन्सचंही बघा. थर्ड पार्टीचे दर सीसीवर असतात, १००० सीसीपर्यंत २०९४, १५०० पर्यंत ३४१६ आणि त्याच्या वर थेट ७८९७, वर जीएसटी. बलेनो आरएस ९९८ सीसी म्हणजे सगळ्यात खालच्या स्लॅबमध्ये, ब्रिओ आणि फियाट १.४ मधल्यात, आणि माझी १.६ सगळ्यात वरच्यात. वर्षातून मोजके शनिवार-रविवार चालणाऱ्या गाडीला हा फरक दिसतो.

आणि एक विनंती. पहाटे कोस्टल रोडवर किंवा मरीन ड्राइव्हला सायलेन्सर कापलेली गाडी घेऊन जाऊ नका. वरळी-ब्रीच कँडीच्या लोकांनी त्या आवाजाच्या इतक्या तक्रारी केल्यात, झोपलेली म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत तिथे. गाडीवर प्रेम करणाऱ्या सगळ्यांचंच नाव त्यात खराब होतं. घाटात जा, तिथे मन भरून चालवा.

चेंबूर_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पोलो काढली, सिटी व्हीटेक पण जड मनाने काढली. ताई तुमचं आवाजाचं शंभर टक्के मान्य, मला स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच गाडी हवीये.

आता दोन गोष्टी. एका डीलरने दिल्ली पासिंगची अबार्थ दाखवली, इथल्यापेक्षा चांगली लाखभर स्वस्त आहे, म्हणतो एनओसी येईल टेन्शन घेऊ नका. आणि दुसरी एक ठाण्यात आहे, लोकल, पण रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली आहे, मालक म्हणतो पावणेदोनशे पीएस करतेय. यातलं काही बघण्यासारखं आहे का? आणि पार्किंगच्या खड्ड्याबद्दल कोणीच बोललं नाही.

वडाळा_एमएच०३

आरटीओची कामं करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, म्हणून कागदांचं मी सांगतो.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते कारण तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, वय वाढलं की लोक बाहेर विकायला बघतात. पण ती इथे आणली की दिल्लीच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, मग इथे नव्याने रोड टॅक्स भरायचा, तो गाडीच्या मूळ किमतीवरून वयाप्रमाणे कमी करून काढतात आणि आपल्याकडे पेट्रोलचा दर १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्याच्या वर २० लाखांपर्यंत १२ टक्के. दिल्लीत भरलेला टॅक्स परत मागायचा तो पहिल्या मालकाच्या नावाने, तो कोण करून देणार? नवीन नंबर, एजंट, चकरा, हे धरून तुझा लाखातला बराचसा भाग तिथेच जातो. डीलर जे 'येईल' म्हणतो ना, ती एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नको.

लोकल गाडी असेल तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही, आरसीवर कर्ज दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. नंबर टाकून परिवहनच्या साइटवर आरसीचं स्टेटस, इन्शुरन्स, पीयूसी बघ, आणि ई-चलन वेगळं बघ, स्पोर्टी गाड्यांवर स्पीडिंगची चलनं साठलेली असतात, ती व्यवहाराआधी मालकाकडून भरून घ्यायची. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागलीये का बघ. आणि विक्रीची तारीख, वेळ कागदावर लिहून दोघांनी सही करा, त्या वेळेनंतर जे होईल ते तुझं, आधीचं त्याचं. इन्शुरन्स १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घे. मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्याचा असतो, त्यामुळे प्रीमियम त्याच्या पॉलिसीवर दिसतो त्यापेक्षा जास्त येईल.

रिमॅपवाली नको. इन्शुरन्सला न कळवलेलं मॉडिफिकेशन म्हणजे क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कारण.

सीएसटी_रोड_गॅरेज

रिमॅपवर मेकॅनिक म्हणून माझंही तेच. पावणेदोनशे पीएस म्हणजे स्टॉक १४५ च्या वर वीस टक्के, तो भार क्लच, गिअरबॉक्स, अॅक्सल सगळ्यांवर येतो, आणि ज्याने रिमॅप केलं त्याने ते वापरलंही असणार. विकायच्या आधी परत स्टॉक करून आणणारेही असतात, एअर फिल्टरच्या क्लॅम्पवर, डाउनपाइपच्या बोल्टवर ताज्या पान्याच्या खुणा बघायच्या.

खड्ड्याचं सांगतो. पावसाळ्यात खालच्या स्टॅकमध्ये पाणी येतं, पंप असतो पण लाइट गेली की पंप बंद आणि वरची गाडी हलवता येत नाही म्हणून तुझी खालीच अडकते. सेक्रेटरीला विचार पंपाला जनरेटर बॅकअप आहे का, मागच्या दोन पावसाळ्यांत पाणी किती चढलं होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शक्य असेल तर वरचा स्लॉट बदलून माग, नाहीतर रेड अलर्टच्या दिवशी आदल्या रात्री गाडी बाहेर काढून उंच रस्त्यावर लाव. आणि उतारावर पुढचा बंपर घासतो का ते आधी मोजून बघ, अबार्थचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी आहे.

आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीची बॅटरी बसते, खड्ड्यातल्या दमटपणात ब्रेक डिस्कवर गंज धरतो, हँडब्रेक चिकटतो. हँडब्रेक न ओढता गियरमध्ये ठेवत जा.

घोडबंदर_ठाणे

वर्षाच्या खर्चाचं कोणी सांगितलं नाही. इन्शुरन्स, एक सर्व्हिस, थोडं सस्पेन्शनचं काम आणि पेट्रोल धरून ब्रिओला चाळीस-पन्नास हजार मनात ठेव, टर्बोला पाऊण लाख ते लाख. टोलचं म्हणशील तर ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारला टोल नाही, म्हणजे वाशी नाका फुकट, पण अटल सेतूने गेलास तर एका बाजूचे २५०. रविवारी पहाटे सायन-पनवेलच बरा, पळस्पे फाट्याला चहा मिळतो.

टीजेट_डोंबिवली

डोकं म्हणतंय ब्रिओ तर ब्रिओ घे, पण एकदा डोंबिवलीला ये आणि माझी लिनिया चालव. घेऊ नकोस, नुसती चालव, मग ठरव. किल्ली देतो.

चेंबूर_नाका

दादा येतोच, रविवार धरा. दिल्लीची आणि रिमॅपवाली दोन्ही सोडल्या. सेक्रेटरींशी बोललो, पंपाला बॅकअप नाहीये, पण पावसाळ्यापुरता वरचा स्लॉट बदलायला वरच्या मजल्यावरचे काका तयार आहेत, त्यांची गाडी चार महिने नाशिकला असते. म्हणजे तो प्रश्न सुटला.

शनिवारी दोन गाड्या बघायला चाललोय. नेरुळला ब्रिओ २०१५, सिंगल ओनर, रिटायर्ड गृहस्थ, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली आहेत असं म्हणाले. आणि मीरा रोडला बलेनो आरएस २०१८, दुसरा ओनर, भाव माझ्या बजेटच्या पन्नास हजार वर. गॅरेजवाले भाऊ, तुमचा वेळ असेल तर सोबत याल का, जो काय चार्ज असेल तो देईन.

सीएसटी_रोड_गॅरेज

येतो. नेरुळ आधी करू, सकाळी सातला, स्कॅनर मी आणतो. मालकांना आज रात्रीच फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका, धुऊ पण नका. मीरा रोडवाल्याला आरसीचा पुढून-मागून फोटो आणि पहिल्या ओनरने कधी विकली ते विचारून ठेव, दुसऱ्या ओनरने सहा महिन्यांत विकायला काढली असेल तर तिकडे जायचं पेट्रोल वाचवू.